फाइल मॅनेजर बदलायचाय? आधी या चुका टाळा

लिनक्स टाकून आठवडा होत नाही तोच माणसाला दोन खुळं लागतात. एक वॉलपेपरचं, दुसरं फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली-फोल्डर उघडायचं-हलवायचं साधन, बदलायचं. वॉलपेपरनं कुणाचं नुकसान होत नाही. दुसऱ्या खुळापायी बिघडलेली मशीनं मात्र लातूर-उदगीर-अहमदपूर पट्ट्यातून माझ्या टेबलावर येतच राहतात. कुणाचं ऑनलाइन सेंटर असतं, कुणाचा फोटो स्टुडिओ, कुणी इंजिनिअरिंगचं पोरगं. माणसं बदलतात, चुका त्याच.

नवा आणला म्हणून जुना काढून टाकणं

ही सगळ्यात महागाची चूक आहे, आणि ती घाईवाल्यांचीच होते.

फाइल मॅनेजर म्हणजे मोबाइलमधलं सुटं अ‍ॅप नव्हे. तो डेस्कटॉपबरोबर, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या मांडणीबरोबर येतो. लिनक्सात असे डेस्कटॉप अनेक, आणि प्रत्येकाचा फाइल मॅनेजर वेगळा. ग्नोमचा नॉटिलस, मेनूत तो नुसता 'फाइल्स' नावानं दिसतो. केडीईचा डॉल्फिन, एक्सएफसीईचा थुनार, माटेचा काजा आणि लिनक्स मिंटच्या सिनॅमनचा निमो. सिनॅमनचं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, निमोवर अवलंबून आहे. म्हणजे निमो काढ म्हटलं की एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं साधन, सिनॅमनसुद्धा काढायच्या यादीत धरतं. लपवत नाही बरं का. सगळी यादी समोर मांडतं, 'वाय की एन' विचारतं, आणि आपला गडी न वाचता वाय दाबून मोकळा होतो.

उदगीरकडच्या एका सेंटरवाल्या पोरानं हेच केलं, ते पण जुलैअखेर, पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना. कुठल्याशा व्हिडिओत डॉल्फिन बघितला, आवडला, टाकला. इथवर ठीक. पण 'दोन-दोन कशाला, जागा खातात' म्हणून निमो काढला. लगेच काहीच झालं नाही, कारण चालू असलेला डेस्कटॉप मेमरीत असतो, तो तसाच चालत राहतो. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर उतरला, मशीन बंद पडलं. सकाळी फोन: "दादा, पासवर्ड टाकला की परत पासवर्डच मागायलंय. काहीच दिसंना गेलंय." मागून माणसांचा कालवा ऐकू येत होता. सातबारा, पासबुक, आधारच्या झेरॉक्सा घेऊन लोक सकाळी सातपासून रांगेत.

पोरानं तोवर फॉरमॅट मारायचा पेनड्राइव्हही लावून ठेवला होता. ही आपल्याकडची दुसरी खोड. काही अडलं की मार फॉरमॅट. त्याला म्हणलं, आधी तो पेनड्राइव्ह काढ आणि खिशात ठेव.

मग फोनवरच एकेक पायरी. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबायचं. काळा पडदा येतो, तिथं नाव आणि पासवर्ड टाकायचा. पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, तसंच टाकत राहायचं. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करायचं, म्हणजे नेट मिळतं. मग टाइप करायचं, सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढं मिंट-मेटा-सिनॅमन हे पॅकेज. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालव. या नावात मेटा आहे, म्हणजे ते एकटं येत नाही, सगळी वरात घेऊन येतं. रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप जागेवर. होम फोल्डरमधल्या फाइलींना धक्काही लागला नव्हता, लागणारच नव्हता. पॅकेज काढल्यानं तुमची कागदपत्रं जात नाहीत, फॉरमॅटनं जातात.

माझी सवय सांगतो. नवा हवा तर टाका, जुना पडून राहू द्या. सिनॅमनमध्ये तर डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा निमोच दाखवतो, त्याला हाकलून जाणार कुठं? वाचून वाचते किती जागा? उलट दुसऱ्या डेस्कटॉपवर डॉल्फिन टाकला की तो केडीईच्या लायब्ऱ्यांचं गाठोडं सोबत आणतो. फोल्डर नव्यातच उघडावं असं वाटत असेल तर कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून तो निवडा आणि कायमचा ठरवा. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, हातही लावायची गरज नाही.

पेनड्राइव्हवरचं डिलीट

'फाइल मॅनेजर खराब आहे, डिलीट केलं तरी जागा होईना गेलीय.' लग्नसराईत हे वाक्य मी झोपेतही ऐकतो. फाइल मॅनेजरनं त्याचं काम चोख केलेलं असतं. पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती त्याच पेनड्राइव्हवर एका लपलेल्या फोल्डरात जाते. नाव डॉट ट्रॅश, पुढं आडवी रेघ आणि १०००. हा हजार म्हणजे तुमचा युजर क्रमांक, मशीनवर पहिला युजर बहुधा हाच असतो. कंट्रोल+एच दाबा, दिसेल.

गंमत पुढं आहे. नावाआधी टिंब असलं की लिनक्स फोल्डर लपवतं, विंडोज लपवत नाही. एका स्टुडिओवाल्यानं जुनाच पेनड्राइव्ह 'साफ' करून नव्या लग्नाचे फोटो भरून दिला. नवरीच्या मामानं घरी विंडोजवर लावला, तर आत आणखी एक फोल्डर, आणि त्यात भलत्याच घरच्या हळदीचे तीन-चारशे फोटो. पाहुण्यांत चर्चा व्हायची ती झालीच. पण ज्यांची हळद होती ते घरही त्याच गल्लीतलं निघालं. स्टुडिओवाला मला म्हणतो, लिनक्समुळं इज्जत गेली. मी म्हणलं, लिनक्सनं कचरा टोपलीत टाकला, टोपली रिकामी करणं तुझ्याकडं होतं.

पेनड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा. मी तर पेनड्राइव्हवर कायम शिफ्ट+डिलीटच वापरतो, त्यानं फाइल ट्रॅशमध्ये न जाता थेट जाते. आणि कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणून पेनड्राइव्ह ओढून काढू नका. लिनक्स आधी डेटा मेमरीत घेतं आणि मागून सावकाश लिहितं. स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर पट्टी संपल्यावरही लिहिणं बराच वेळ चालू असतं. इजेक्ट दाबा, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत चहा घ्या. ज्यांना दम निघत नाही त्यांच्या अर्ध्या फाइली पुढं उघडत नाहीत, आणि मग पुन्हा फाइल मॅनेजरला शिव्या.

मराठी नावाची फाइल कॉपी होत नाही

यात तीन-तीन फाइल मॅनेजर बदलून बघितलेले लोक मला माहीत आहेत. एकानंही फरक पडणार नाही, कारण मर्यादा फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीची आहे. लिनक्सच्या नेहमीच्या एक्सटी४ वर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'क्षेत्र' एवढ्या एका शब्दाचे झाले २१ बाइट. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं, संपलं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं बसतात, म्हणून तिथं शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, गट नंबर सगळं फाइलच्या नावात कोंबलेलं चालतं आणि इकडं आणताना अडतं. तिकडंच नाव छोटं करून आणा. गावाचं फोल्डर करा, फाइलला आडनाव आणि गट नंबर पुरे.

बाकीच्या, थोडक्यात

सुडो लावून फाइल मॅनेजर उघडू नका. त्यातून केलेल्या फाइली रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या मालकीच्या होतात आणि उद्या तुमच्याच होम फोल्डरात तुम्हाला 'परवानगी नाही' असं ऐकावं लागतं. गरजच पडली तर निमोत राइट क्लिकवर 'ओपन अ‍ॅज रूट' आहे. काम झालं की ती खिडकी लगेच बंद करा.

विंडोजचं डी ड्राइव्ह उघडतं पण त्यात काही लिहू देत नाही? विंडोज नीट बंद झालेलं नाही. तिकडं जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि शटडाउन करा.

चार जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ मध्ये आहे. एक्सफॅट करा, पण आतलं आधी दुसरीकडं काढून.

'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी आवडत नाही म्हणून फाइल मॅनेजर बदलू नका. ती खिडकी बहुतेक ठिकाणी त्याची नसतेच.

मग घ्यायचा कोणता?

फोटो बघून नाही, कामावरून ठरवा. दोन फोल्डर शेजारी-शेजारी उघडून इकडचं तिकडं करायचं असेल तर डॉल्फिन किंवा निमो, दोन्हीत एफ३ दाबलं की खिडकी दुभागते. नॉटिलसमध्येही ही सोय होती, २०१२ साली ग्नोम ३.६ मध्ये ती काढली. निमो जन्माला आला तो तेव्हाच्या अशा काटछाटीमुळंच. थुनारला दुभागणी मिळाली २०२२ च्या ४.१८ आवृत्तीत, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर शोधत बसू नका. शेकडो फोटोंची नावं एकदम बदलायची असतील तर मात्र थुनारचा बल्क रिनेम. स्टुडिओवाल्यांना मी डोळे झाकून तोच देतो. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या मशीनवर थुनार किंवा पीसीमॅनएफएम. तिथं डॉल्फिनचा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, टाकून देतो. काही दिवसांनी ते स्वतःच एक्सएफसीई मागायला येतात.

ठरवल्यावर महिनाभर तरी तोच वापरा. निमो आणि थुनारमध्ये राइट क्लिकच्या मेनूत आपल्या मनाची कामं जोडता येतात, फोटो लहान करणं, पीडीएफ जोडणं वगैरे. ही सोय किती जणांनी उघडून बघितली असेल? सेंटरवाल्यांचा दिवसातला अर्धा वेळ तिथंच वाचतो, आणि ते मात्र पुढच्या फाइल मॅनेजरचा व्हिडिओ बघत बसलेले असतात.