स्काऊट पथक चालवायचंय? मग आधी संघ बांधा

पहिले सहा महिने माझं पथक मीच चालवलं. शनिवारी दुपारी साडेतीनला मैदानावर तिसेक पोरं आणि समोर गळ्यात शिट्टी अडकवून मी. गाठी मी शिकवायच्या, खेळ मी घ्यायचे, भांडणं मी सोडवायची, आणि हरवलेली पाण्याची बाटलीसुद्धा मीच शोधायची. रात्री घसा बसलेला असायचा. पोरं रांगेत नीट उभी राहत होती, म्हणून पथक छान चाललंय अशी माझी समजूत होती.

स्काऊटिंगचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा मुलं होती वीसेक. तेवढ्यांचेही त्यानं चार गट पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा एक पाणपक्षी. प्रत्येक गटाला, म्हणजे संघाला, त्यांच्यातलाच एक नायक दिला. स्काऊटिंगची अख्खी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि नवखा स्काऊटमास्तर नेमकी हीच शेवटी करायला ठेवतो.

कागदपत्रांचं काम आधी उरकून टाका. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५०पासून आहे. तिच्या जिल्हा शाखेत पथकाची नोंदणी होते आणि ती दरवर्षी नवी करावी लागते. तुमचं स्वतःचं बेसिक प्रशिक्षण झालेलं असावं. साधारण दहा ते सतरा वयाची मुलं स्काऊटमध्ये येतात, त्याहून लहान ती कब. मुलींचं गाईड पथक वेगळं असतं.

संघ पाडताना

एका संघात सहा ते आठ जण, आणि चार संघ झाले की नवीन नावं प्रतीक्षा यादीत. पी.टी.च्या तासासारखं ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणवून गट पाडू नका. प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन मित्रांची नावं लिहायला सांगा आणि त्यातला निदान एक तरी त्याच्या संघात येईल असं बसवा. चिठ्ठ्या घरी नेऊन चहा घेत निवांत जुळवा, तासभर सहज जातो. दोन गोष्टी तेवढ्या बघा. एका संघात सहावीतला आणि नववीतला दोन्ही हवेत, नाहीतर मोठ्यांना शिकवायला कोणी उरत नाही. आणि शक्यतो घरं जवळ असावीत. एक पोरगा धायरीचा आणि दुसरा पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला विश्रांतवाडीचा असेल, तर तो संघ शनिवारखेरीज भेटणारच नाही.

नाव संघानंच निवडायचं. स्काऊट संघांना पशुपक्ष्यांची नावं देतात, गाईडच्या संघांना फुलांची. वाघ-सिंहांवर सगळ्यांच्या उड्या पडतात. मी पोरांना म्हणतो, टेकडीवर जे दिसतं ते घ्या. आमच्याकडे एक टिटवी संघ आहे. त्यांच्या गर्जनेला, म्हणजे संघाच्या ठरलेल्या हाकेला, आधी बाकीचे खदखदून हसले, पण शंभर पावलांवरून ओळखू येते ती तीच.

संघनायक कोण?

इथे मी सपशेल चुकलो होतो. वर्गातला सगळ्यात शिस्तीचा, पहिल्या तीनांत येणारा मुलगा मी नायक केला. तो सगळं स्वतःच करायचा: तंबूची दोरी त्याची, वही त्याची, उत्तर त्याचं. बाकीचे सहा जण प्रेक्षक. पुढे एकदा वेताळ टेकडीवर चढताना मी मुद्दाम शेवटी राहिलो. दुसऱ्या संघातला एक जाडजूड, अबोल पोरगा दर वळणावर थांबून मागे बघत होता, ओठांची हालचाल करत माणसं मोजत होता. सगळ्यात लहान पोराच्या बुटाची नाडी सुटली, तेव्हा ती बांधून होईपर्यंत त्यानं संघ थांबवून धरला. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या दोन सहली होईपर्यंत मी नायक नेमत नाही. मग संघाला विचारतो, आणि बहुतेक वेळा पोरं बरोबर नाव सांगतात. उपनायक मात्र नायकानं निवडावा, कारण जमवून त्या दोघांना घ्यायचंय. बाकीच्यांनाही एकेक काम द्या: साहित्याची पेटी, वही, वर्गणी, प्रथमोपचार. काम नसलेला पोरगा तिसऱ्या शनिवारी क्लासचं कारण सांगून गळतो.

आधी नायकांना शिकवा

पथक चालतं ते या पायरीवर. आठवड्यात मधल्या एका संध्याकाळी फक्त चार नायकांना पाऊण तास बोलवा. शनिवारी पथकाला जे यायला हवं, ते त्यांना त्या दिवशी शिकवा. समजा रीफ नॉट आहे, दोन टोकं एकमेकांना बांधायची गाठ. लाल आणि पांढरी अशा दोन रंगांच्या दोऱ्या घ्या. उजवं टोक डाव्यावरून, मग तेच टोक, जे आता डावीकडे आलेलं असतं, ते उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर ग्रॅनी नॉट होते: टोकं दोरीला समांतर न बसता आडवी बाहेर येतात आणि ताण पडला की गाठ घसरते. नायकाला दोन्ही बांधायला लावा, फरक बोटांना कळू द्या. त्रिकोणी बँडेजला हीच गाठ का वापरतात तेही सांगा, सपाट बसते, टोचत नाही म्हणून.

शनिवारी तुम्ही लांब उभे राहा. तेरा वर्षांचा पोरगा अकरा वर्षांच्याला चुकीचं शिकवताना दिसेल. जीभ चावा. तासाच्या शेवटी रिले ठेवा, दोरी जोडून त्यावर सगळ्या संघानं लटकायचं. गाठ सुटली की चूक कुठे झाली ते दोरीच सांगते.

दीड तासाच्या सभेचा आमचा साचा असा: ध्वज आणि प्रार्थना दहा मिनिटं, पाहणी पाच (नखं, स्कार्फ, शिट्टीची दोरी), धावपळीचा खेळ पंधरा, संघकोपऱ्यात, म्हणजे संघाच्या ठरलेल्या जागी, नायकाचं शिकवणं तीस, संघांची स्पर्धा वीस, आणि शेवटी सूचना व विसर्जन. कवायत जवळजवळ नाही. पालकांना कवायत आवडते हे मला माहीत आहे.

महिन्यातून एकदा कोर्ट ऑफ ऑनर घ्या, म्हणजे नायकांची बैठक. तुम्ही कोपऱ्यात बसायचं. नकाराधिकार फक्त सुरक्षेपुरता वापरा. एका वर्षी मी सिंहगडाची सहल ठरवून ठेवली होती. नायकांनी ती पुढे ढकलली, कारण त्याच सुमारास पालख्यांचा पुण्यात मुक्काम होता आणि त्यांना वारकऱ्यांना पाणी द्यायचं होतं. मला राग आला होता. आता आम्ही ते दरवर्षी करतो.

बाहेर पडताना

पहिली सहल मुक्कामी नको. आधी पर्वती, मग तळजाई किंवा वेताळ टेकडी, हिवाळ्यात सकाळी. पालकांची लेखी संमती, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं यांचा एक कागद तुमच्या खिशात असावा. कायम किमान दोन मोठी माणसं बरोबर हवीत, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत नको. यात सूट नाही, माणूस कितीही ओळखीचा असो.

टेकडीवर चूल पेटवायची नाही. फेब्रुवारीनंतर तिथलं गवत एका ठिणगीवर पेटतं. स्वयंपाक शाळेच्या मैदानावर करा, आणि संघागणिक वेगळा. आठ जणांना पाऊण किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, तिपटीहून थोडं जास्त पाणी, मीठ-हळद-फोडणी. आमच्या पहिल्या खेपेला टिटवी संघानं आच मोठी ठेवली आणि पातेल्याच्या बुडाला काळा थर धरला. मी दहा पावलांवर होतो, वास मला आधी आला होता.

“सर, ही खायची का?” नायक विचारायला आला.

“तुमची खिचडी, तुम्ही ठरवा.”

त्यांनी वरची वरची वाढून घेतली, उरलेली भूक शेजारच्या संघाकडून भागवली, आणि पातेलं राखेनं घासायला पाऊण तास लागला. संघाच्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच लिहिलंय: ‘आच मंद. झाकण. कोणीतरी तिथेच बसणे.’

एक गोष्ट पुण्यात आधीच धरून चाला. नववी संपली की बहुतेक घरांतून शनिवार बंद होतो, क्लास सुरू होतात. म्हणून नववीतल्या नायकाचा उपनायक दिवाळीपर्यंत तयार हवा, आणि जानेवारीपासून संघकोपऱ्यात शिकवणं त्यानं करायचं. मार्चमध्ये जुन्यानं नव्याच्या हाती पेटीची किल्ली, वही आणि दोऱ्या मोजून द्यायच्या. आमच्याकडे मागच्या वेळी दोन दोऱ्या कमी भरल्या. त्या जुन्या नायकाच्या घरी बाल्कनीत कपडे वाळत घालायला लावलेल्या सापडल्या, दोन्ही टोकांना चोख क्लोव्ह हिच, दोरी खांबाला बांधायची गाठ.