ऑफिसचे पीसी विंडोज ११ वर न्यायचेत? आधी हे बघा

कंपन्या अपग्रेड टाळतात ते आळसापोटी नाही, जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर नाहीतर एखादं मशीन चालवणारा प्रोग्राम नव्यावर चालेल याची खात्री कुणीच देत नाही म्हणून. पण विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे आता यादी काढायलाच लागेल.

आधी सॉफ्टवेअर लिहून काढा, कोण वापरतं, कुठलं व्हर्जन, बनवणारी कंपनी अजून आहे का (बऱ्याचदा नसते!). विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि फार जुने १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोजवरच चालतात, म्हणजे ते गेलेच समजा. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर पण तपासा, लोक हेच विसरतात आणि मग सोमवारी सकाळी बोंबाबोंब.

हार्डवेअरसाठी पीसी हेल्थ चेक चालवा, पीसीवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसेल तर बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये बघा, कधीकधी नुसतं बंद असतं.

मग बॅकअप, आणि तो रिस्टोर करून बघा हं. आधी दोनतीन पीसीच बदला, महिनाअखेरचं काम त्यावर होऊ दे, मग बाकीचे. अडलेल्या पीसींना पैसे भरून ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही मिळणारे सुरक्षा अपडेट) घेता येतं, कंपन्यांना जास्तीत जास्त ३ वर्षं, पण दर दरवर्षी दुप्पट होतो.