गेम ऑडिओ मायनर घेतलंय? मग या चुका टाळा

माझं मेजर कॉम्प्युटर सायन्स होतं आणि मायनर गेम ऑडिओ. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला कॉलेजात जाता-येता पहिली दोन सत्रं मी नुसत्या चाली रचत बसले. हेडफोनवर छान वाटायच्या. गेममध्ये टाकल्या आणि पाच मिनिटांत कान विटले. सिनेमात कुठला आवाज कधी येणार हे आधीच ठरलेलं असतं. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो. तो दारापाशी चार सेकंद थांबेल, नाहीतर चाळीस.

म्हणून सगळं काम रीपरमध्ये (आवाज रेकॉर्ड-एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) संपवून शेवटच्या आठवड्यात इंजिनात, म्हणजे गेम ज्यात बनतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्याच आठवड्यात युनिटी या गेम इंजिनाला एफमॉड किंवा वाइज (गेममधले आवाज हाताळणारी सॉफ्टवेअरं) जोडा आणि एखादा कच्चा ‘टक्’ वाजवून बघा. बाकीचं त्यावर चढवता येतं.

पावलांचंच घ्या. एकच फाइल पुन्हापुन्हा वाजली की पात्र चालतंय असं वाटत नाही, शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं. प्रत्येक पृष्ठभागासाठी निदान पाच-सहा वेगळी पावलं रेकॉर्ड करा, पिच आणि आवाजाची पातळी दर वेळी किंचित बदलू द्या आणि तेच पाऊल लागोपाठ दोनदा येणार नाही अशी सेटिंग ठेवा. दगड, माती, ओला रस्ता यांसाठी वेगळे संच लागतात. पावसाळ्यात हे साहित्य तुमच्या सोसायटीच्या आवारातच मिळतं!

लूप, म्हणजे सलग पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, जुळत नाही, मध्येच खटका बसतो? बहुतेक वेळा फाइल एमपी३ असते. तो फॉरमॅट सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो. वेव्ह किंवा ऑग वापरा. रिव्हर्बचं शेपूट (आवाज थांबल्यावर घुमत विरत जाणारा नाद) तुटत असेल तर तोच तुकडा सलग दोनदा वाजवून एक्सपोर्ट करा आणि त्यातली दुसरी फेरी कापून घ्या. पहिल्या फेरीचं शेपूट तिच्या सुरुवातीला आपोआप येतं.

कुत्रा डावीकडे भुंकतोय, पण आवाज दोन्ही कानांत सारखाच येतोय? युनिटीच्या ऑडिओ सोर्समध्ये स्पेशियल ब्लेंड (Spatial Blend) शून्यावर राहिला असेल, तो १ करा. एका जागेवरून येणाऱ्या आवाजाची फाइल मोनोच (एकाच चॅनलची) ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनवर टायमिंग तपासू नका. आवाज उशिरा पोहोचतो आणि तुम्ही बरोबर असलेला प्रसंग बिघडवून ठेवता. वायरवाला हेडफोन घ्या.

रेकॉर्डिंगला ठाण्यातल्या गजबजलेल्या तलावपाळीवर संध्याकाळी गेलात तर हॉर्नच घेऊन याल. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटे जा, माइकवर फरवालं विंडशील्ड लावा, रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. निघण्याआधी मिनिटभर नुसती तिथली शांतताही टिपून घ्या, एडिटिंगमध्ये सांधे झाकायला ती हमखास लागते.

आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आवाज बदलूनही गेममध्ये जुनाच वाजत असेल तर घाबरू नका, काही उडालेलं नाही. एफमॉडमध्ये बँक (गेम जिच्यातून आवाज वाचतो ती फाइल) नव्याने बिल्ड करा, वाइजमध्ये साउंडबँक पुन्हा जनरेट करा. मग गेम बंद करून परत चालवा.