सांगलीच्या काकवीतलं डच स्पेकुलास

स्पेकुलास हे डच लोकांचं दालचिनी-लवंगेच्या वासाचं, बदामाचे काप लावलेलं तपकिरी बिस्कीट. ते घरी करायचं म्हटलं की लोक आधी मसाल्याची चौकशी करतात. मसाल्याची काळजी नको. आमच्या सांगलीत गणपती पेठेतल्या कुठल्याही चांगल्या किराणा दुकानात तो सगळा मिळतो. बिस्कीट बिघडतं ते साखरेवरून. माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या एका गोष्टीवर जरा सविस्तर लिहितो.

लेक नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला असते. तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा डच तपकिरी साखर हातात घेतली. दाणा अगदी बारीक, अंगाला ओलसर, मुठीत दाबली तर गोळा राहतो. बारीक साखरेला इन्व्हर्ट साखरेचा पाक चोळलेला असतो, म्हणून ती अशी लागते. इन्व्हर्ट साखर म्हणजे साखरेचा रेणू फुटून झालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. कारखान्यात आम्ही याला नुकसान समजायचो, कारण जितकी साखर फुटली तितका उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, घटला. बिस्किटात मात्र हेच हवं. ते पाणी धरून ठेवतं, पिठाला लवकर रंग आणतं आणि भाजताना तो खरपूस, किंचित कडसर गोडवा देतं. नुसती पांढरी साखर घातलीत तर बिस्कीट फिकं होतं आणि मसाला तोंडात वेगळा टोचत राहतो.

आपल्याकडे ही साखर सहसा मिळत नाही आणि तिची गरजही नाही, कारण आपल्याकडे काकवी आहे. उसाचा रस गुऱ्हाळात साधारण १०५ अंशांवर आला की काहिलीतून काढून घेतात ती काकवी. तोच पुढे ११८ अंशांच्या आसपास नेला की गूळ पडतो. काकवीत इन्व्हर्ट साखर, उसातली खनिजं आणि रंग सगळं असतं. हंगामात गुऱ्हाळावरून आणलीत तर उत्तम. गडद, तांबूस-काळी बघून घ्या. पिवळीधमक नको, रंग उजळ दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उडवणारं रसायन, मारलेली असू शकते आणि तिला चवही कमी असते. भेंडीच्या रसाने मळी काढलेली काकवी मिळाली तर डोळे झाकून घ्या.

थेट गूळ किसून घातला तर? चालतं, पण मला पटत नाही. गुळाचे खडे पिठात पुरते विरघळत नाहीत, भाजताना ते जागोजाग वितळून खड्डे पाडतात, आणि गुळाचा जोर दालचिनीवर चढतो.

तर आदल्या दिवशी एवढं करा. एस-३० साखर, म्हणजे बाजारात मिळते ती बारीक दाण्याची, १०० ग्रॅम घ्या. मिक्सरमधून दोन-तीन झटके फिरवून बारीक रव्याइतकी करा. पार पिठी नको. त्यात ३० ग्रॅम काकवी घालून बोटांनी चोळत राहा. आधी गुठळ्या होतील, मग सगळी साखर एकसारखी तपकिरी होईल. झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी चाळणीतून दाबून काढा. ही साखर जास्तीची करून बरणीत ठेवली तरी टिकते.

आता मसाला, सगळी मापं ग्रॅममध्ये. दालचिनी ३० ग्रॅम, लवंग ८, जायफळ ६ (म्हणजे साधारण एक), सुंठ ५, सोललेल्या वेलदोड्याचे दाणे ४, पांढरी मिरी ४, धने ३. डच घराघरांत प्रमाण बदलतं, कुणी बडीशेप घालतं, कुणी जायपत्री, पण दालचिनी पुढे आणि लवंग तिच्या मागे हा क्रम सगळीकडे सारखा. दालचिनी निवडून घ्या. जाड, कडक, एकाच सालीची असते ती कॅशिया. तिला तिखटपणा जास्त. पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरा होणारी घ्या, सिलोनची किंवा कोकणातली. कोकणातून कुणी येणार असेल तर आम्ही सांगून ठेवतो.

इथे आपला हात कढईकडे जातो, कारण गोडा मसाला म्हटलं की भाजणं आलंच. हा मसाला भाजायचा नाही. कच्चाच दळायचा, त्याचं भाजणं बिस्किटाबरोबर होतं. आमच्या सौ. सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून घेतात, नाहीतर तिचे दोरे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. जायफळ किसणीवर. बाकीचं एकत्र दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीवर उरलेला जाडसर भाग चहात टाका. घट्ट झाकणाच्या बाटलीत मसाला दोन महिने ताजा राहतो, पुढे लवंग बोथट होते.

हा मसाला हॉलंडमध्ये कसा पोचला तेही माहीत असावं. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, दालचिनी सिलोनची, मिरी मलबारची. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची त्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं. आपल्या वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. बांदा बेटांवर १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने जायफळासाठी तिथल्या रहिवाशांची कत्तल केली. नातीला बिस्कीट शिकवताना मी हेही सांगतो. पदार्थ आवडतो म्हणून त्यामागचा इतिहास झाकायचा नाही.

पीठ मळताना वजन काटा वापरा, वाटी नको. मैदा २५० ग्रॅम, वर केलेली साखर १३० ग्रॅम सगळी, बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम, मसाला १० ग्रॅम, खायचा सोडा चहाचा पाव चमचा, चिमूटभर मीठ. टेबल बटर वापरत असाल तर मीठ वगळा. घरचं लोणी घालायचं असेल तर ते गोड सायीचं हवं, आणि थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन पाणी दाबून काढलेलं. घरच्या लोण्यात पाणी जास्त राहतं आणि बिस्कीट कडक होतं. तूप नको. तुपाने रवाळ नानकटाई होते, आणि नानकटाई मला प्रिय असली तरी हे बिस्कीट कुरकुरीत तुटलं पाहिजे. अंडं लागत नाही. पुष्कळ डच घरगुती कृतींतही ते नसतं, त्यामुळे आमच्या घरी सोवळ्यातल्या मावशीसुद्धा खातात.

लोणी मऊ पण गार असू द्या. साखरेबरोबर लाकडी चमच्याने एकजीव करा; फेटून फुलवू नका, हवा भरली तर बिस्कीट पसरतं. मैदा, मसाला, सोडा, मीठ एकत्र चाळून त्यात घाला. बोटांनी गोळा जमवा, गरज पडली तरच चमचा-दीड चमचा गार दूध. जमला की हात थांबवा, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही.

आणि आता गोळा झाकून फ्रिजमध्ये एक पूर्ण रात्र. ही रात्र चुकवू नका. मसाल्याचं तेल लोण्यात उतरायला आणि मैद्याने ओल शोषून घ्यायला तेवढा वेळ लागतो. लगेच भाजलेलं आणि रात्र काढलेलं अशी दोन बिस्किटं शेजारी ठेवून खा. मला पुढे समजावून सांगावं लागणार नाही.

डच लोक हे बिस्कीट कोरलेल्या लाकडी साच्यात पाडतात. साच्यात संत निकोलस, पवनचक्की, जहाज अशी चित्रं उलटी कोरलेली असतात. आपल्या पाडव्याच्या साखरगाठी लाकडी साच्यात होतात, त्यामुळे सुताराला फार समजवावं लागलं नाही. मी जुन्या मुरलेल्या सागवानाच्या फळीवर उसाने भरलेली बैलगाडी कोरून घेतली. खोली साधारण ५ मिलिमीटर ठेवायला सांगा, जास्त खोल असेल तर पीठ सुटत नाही. साच्यात तांदळाची पिठी भुरभुरवा आणि झटका. डच लोकही इथे तांदळाचीच पिठी वापरतात. ती मैद्यासारखी ओल धरून चिकटत नाही. गार पीठ अंगठ्याने कोपऱ्यांत दाबा, वरचं जादा पीठ सुरीने आडवं कापून काढा आणि साचा पालथा करून ओट्यावर ठोका. साचा पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा.

साचा नसेल तर अडू नका. ५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून सुरीने चौकोन कापा. एप्रिलमध्ये सांगलीत पीठ ओट्यावर बघता बघता ढिलं होतं, म्हणून अर्धाच गोळा बाहेर काढा आणि कापलेली बिस्किटं ताटासकट पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये घाला.

बदाम ६० ग्रॅम. कोमट पाण्यात भिजवून सोला, उभे पातळ काप करा आणि तासभर पंख्याखाली सुकवा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर काप पसरा आणि बिस्किटं त्यांवर ठेवून हलकं दाबा. बदाम खालून चिकटतात, वर चित्र स्वच्छ राहतं. चौकोनी बिस्किटांना वरून दुधाचं बोट फिरवून काप लावले तरी चालतं.

ओटीजी १६५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा. काकवीमुळे रंग लवकर चढतो, म्हणून याहून जास्त नको. मधल्या खणात १८ ते २० मिनिटं. कडा गडद, मधोमध अजून जरा मऊ, अशा वेळी काढा. गार होताना ती कडक होतात. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गरम बिस्कीट उचललं की मोडतं.

ओव्हन नसेल तर बेकरीच्या भट्टीत द्या, दिवाळीत नानकटाई देतो तशी. फक्त भरात असलेल्या भट्टीत नको. आमच्या भट्टीवाल्याला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, “काका, मग तुमची पत्री सगळ्यात शेवटी सरकवतो, भट्टी उतरली की.” अगदी बरोबर. पत्र्याजवळ उभे राहा आणि वास बदलला की काढायला सांगा.

हॉलंडमध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या भेटवस्तू उघडतात आणि हे बिस्कीट त्या दिवसांचं. आपल्याकडे त्याच सुमारास गुऱ्हाळं चालू असतात, ताजी काकवी मिळते आणि थंडीत पीठही ऐकतं, म्हणून नोव्हेंबरअखेर हाच माझ्या दृष्टीने योग्य मुहूर्त.

हेच पीठ वापरून भरलेलं स्पेकुलास होतं, आणि बदाम ज्यांना जास्त आवडतो त्यांनी ते जरूर करावं. १५० ग्रॅम सोललेले, पुसून कोरडे केलेले बदाम आणि १५० ग्रॅम साखर एकत्र दळा, एका लिंबाची फक्त पिवळी साल किसून घाला, दोन-तीन चमचे दुधाने लगदा बांधा. डच लोक यात अंडं घालतात, दुधाचा लगदा थोडा कोरडा होतो पण चव तीच. हा लगदा फ्रिजमध्ये दोन दिवस मुरू द्या. मसाल्याचं पीठ वर दिलेल्याच्या दीडपट करा, पण सोडा तेवढाच ठेवा. निम्मं पीठ ७ इंची चौकोनी डब्यात थापा, त्यावर लगदा, वर उरलेलं पीठ लाटून झाका, दूध फिरवा, अख्खे बदाम टोचा. १६५ अंशांवर ४० मिनिटं. दुसऱ्या दिवशी कापा, त्याच दिवशी कापलं तर सगळं सांडतं.

साधी बिस्किटं पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या घट्ट डब्यात तीन आठवडे राहतात. पावसाळ्यात मऊ पडली तर १४० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. भरलेलं मात्र फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.