मॉर्फिन सुरू असलेल्या रुग्णाला भूल देताना या चुका टाळा

कर्करोगाने आतडं तुंबलं म्हणून स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर उघडणं) करायचा असतो, किंवा हाडात पसरलेल्या गाठीमुळे मोडलेली मांडी जोडायची असते. आजार बरा होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून भुलेचं नियोजन करण्याआधी रुग्णाशेजारी बसून विचारा, तुम्हाला यातून काय हवंय? कूस बदलता यावी, दोन घास जावेत, की घरी जायचंय? हे फाइलमध्ये सापडत नाही, आणि भूल किती खोल, कोणत्या प्रकारची, हे त्यावर अवलंबून असतं.

मला सर्वांत जास्त सलणारी चूक म्हणजे 'उपाशी ठेवा' म्हटलं की सकाळची मॉर्फिनची गोळीही बंद होते. महिनोन्‌महिने हे औषध घेणाऱ्याचं शरीर त्या डोसवर तग धरून असतं. तो चुकला की रुग्ण ओटीत (शस्त्रक्रियागृहात) येतो तोच कळवळत, घामाघूम, बेचैन. नेहमीचा डोस घोटभर पाण्यासोबत द्यायचाच. आतडं तुंबलेलं असेल तर शिरेतून द्या: तोंडावाटे 30 मिलिग्रॅम म्हणजे शिरेतून साधारण 10. शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठीचं औषध याच्याशिवाय वेगळं लागतं. मॉर्फिनऐवजी दुसरं ओपिऑइड (मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक) द्यायचं असेल तर हिशेबाने आलेला डोस पाव ते निम्म्याने कमी करून सुरू करा, कारण शरीराची सवय नव्या औषधाला पूर्ण लागू पडत नाही.

फेंटानिल या ओपिऑइडचा पॅच (त्वचेवर चिकटवलेली औषधी पट्टी) कपड्याखाली असतो, शोधल्याशिवाय दिसत नाही. त्यावर गरम हवेचं ब्लँकेट आलं तर औषध भराभर शोषलं जाऊन श्वास मंदावू शकतो. काढला म्हणजे संपलं असंही नाही. रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच सुमारे 17 तास लागतात. नवा पॅच लावला तर त्याचा अंमल चढायला 12 ते 24 तास जातात, तोवर दुसरी सोय हवी.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बरेच आठवडे सुरू असेल तर तेही अचानक तोडू नका, रक्तदाब कोसळू शकतो.

'हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करू नका' असं रुग्णाने ठरवलेलं असेल, तर ओटीत तो निर्णय आपोआप रद्द होतो असं धरू नका. त्याच कारणाने भूल नाकारणं तर अन्यायच. भुलेमुळे घसरलेला रक्तदाब सावरणं, श्वासनलिकेत नळी घालणं हा भुलेचाच भाग आहे. काय करायचं, काय नाही, ठरलेलं पुन्हा कधीपासून लागू, हे आधी बोलून लिहून ठेवा आणि ओटीतल्या प्रत्येकाला सांगा.

रिकव्हरीत (शस्त्रक्रियेनंतरच्या निरीक्षण कक्षात) रुग्ण तडफडत असेल तर आधी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध नको. ऑक्सिजन पाहा, लघवी तुंबली आहे का बघा, वेदना विचारा, कोणता डोस राहिला ते तपासा. उलट गुंगी वाढली, श्वास मिनिटाला 8 च्या खाली गेले, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर ऑक्सिजन देत, श्वासाला आधार देत नॅलोक्सोन (ओपिऑइडचा अंमल उतरवणारं औषध) द्या, पण 20 ते 40 मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी, श्वास सुधारेपर्यंतच. 400 ची अख्खी कुपी एकदम दिली तर दाबून ठेवलेली सगळी वेदना एका क्षणात उसळते, आणि ते बघवत नाही. नॅलोक्सोनचा अंमल मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून पुढचे काही तास शेजारून हलू नका. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनचे अवशेष साठून गुंगी आणि झटके येतात. अशा वेळी फेंटानिल बरं.

वॉर्डात पाठवताना शेवटचा डोस कधी दिला आणि पुढचा किती वाजता द्यायचा, हे कागदावर ठळक लिहा. रात्रपाळीची सिस्टर आधी तेच शोधते.