विदर्भाच्या आडरानात सायकलने जायचं तर सामान कसं निवडाल?

सायकलवर तंबू-अंथरूण लादून आडवाटेला निघायचं ठरलं की पहिले काही दिवस हलक्या तंबूंचे आणि महागड्या पिशव्यांचे व्हिडिओ बघण्यात जातात. त्यात दिसणारं वाळवंट वेगळं आणि आपला मेळघाट, आपलं गडचिरोलीतलं एटापल्ली वेगळं. इथला रस्ता कितीही खराब असला तरी दिवसभरात कुठे ना कुठे एखादं मोठं गाव लागतंच. तिथे ट्रॅक्टरची ट्रॉली जोडून देणारा वेल्डिंगवाला असतो, पंक्चरवाला असतो, मोटारपंपाच्या सामानाचं दुकान असतं. नसतं ते फक्त शहरातल्या शोरूममधलं सायकलचं सुटं सामान.

म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हे मेळघाटातल्या धारणीत किंवा गडचिरोलीतल्या भामरागडात मोडलं तर तिथला माणूस हे नीट करू शकेल का? करू शकत असेल तर साधीच वस्तू घ्या. नसेल तर तिथे हात आखडू नका आणि सुटा भाग सोबत ठेवा.

आधी महिना ठरवा

सामानाची यादी ऋतूवर ठरते. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर ४५ अंशांच्या पुढे जातं. त्या उन्हात लादलेली सायकल चालवण्याला साहस म्हणत नाहीत. पावसाळ्यात काळी माती पुढे जाऊ देत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसा टी-शर्ट पुरतो, पण रात्री गाफील राहू नका: डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. चिखलदरा तर सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे.

रस्ता ठरवताना परवानगीचंही बघून घ्या. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात सायकल घेऊन मनाला येईल तसं शिरता येत नाही. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रीचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा वनविभागाच्या नाक्यावर विचारूनच पुढचा मुक्काम ठरवा. याचा सामानाशी थेट संबंध आहे. जंगलात तंबू ठोकायचा नाही म्हटल्यावर मुक्काम गावातच होणार आणि गावात मुक्काम म्हणजे अर्धं ओझं कमी.

सायकल: लोखंडी फ्रेम, तारेचे ब्रेक, हलका गिअर

जुनी दणकट स्टीलची फ्रेम असेल तर नव्या ॲल्युमिनियमच्या मोहात पडू नका. स्टीलचा सांधा निखळला तर नांगर-वखर जोडणारा कारागीरही तो टाका मारून देतो. ॲल्युमिनियमचं काम त्याच्याकडे होत नाही. कॅरियरही याच कारणासाठी लोखंडी घ्या.

ब्रेक डिस्क असोत की रबरी गुटक्यांचे, ओढणारी तार हवी. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक झकास असतात, पण त्यांची नळी फुटली तर दुरुस्ती जिल्ह्याच्या गावीच. घाट उतरताना पॅड झिजतात, त्यामुळे पॅडचा एक जोड जास्तीचा ठेवा.

गिअरच्या बाबतीत दुकानदार किती स्पीड आहेत ते मोजून दाखवतो. तुम्ही दात मोजा. पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा कमी हवेत, उदाहरणार्थ पुढे ३० आणि मागे ३६. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना बसून पॅडल मारता येतं की उतरून ढकलावं लागतं, हे त्या दातांवर ठरतं.

टायर आणि व्हॉल्व्ह: इथे घाई नको

विदर्भातल्या पांदण रस्त्यावर सायकलीचा खरा शत्रू काटा. कापणी झाली की शेताच्या धुऱ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या टाकतात. बैलगाडीतून नेताना त्यातल्या काही रस्त्यावर सांडतात. बाभळीचा वाळलेला काटा बोटाएवढा लांब आणि सुईसारखा कडक असतो. त्याच्या जोडीला सराटे, ते वाटेच्या कडेला पसरलेलेच असतात. कोरड्या काळ्या मातीला भेगाही पडतात आणि बारीक टायर त्या भेगेत बरोबर जाऊन बसतो. तेव्हा टायर किमान दोन इंच रुंद, काटा अडवणाऱ्या पट्टीचा घ्या. हवा ठासून भरू नका. सव्वादोन इंची टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ३० ते ३५ पीएसआय पुरते.

ट्यूबलेस घ्यावं का? काट्यांच्या मुलखात फायदा मोठा आहे. आतलं सीलंट, म्हणजे टायरमध्ये भरलेला चिकट द्रव, बारीक छिद्रं आपोआप बुजवतं. पण ते उन्हाळी प्रदेशात लवकर वाळतं, म्हणून निघण्याआधी ताजं भरा. टायर रिमवरून निसटला तर हातपंपाने तो पुन्हा बसत नाही, कॉम्प्रेसर लागतो. म्हणून ट्यूबलेसवाल्यांनीही दोन ट्यूब सोबत ठेवायच्याच. साधी ट्यूब वापरणाऱ्यांनी तीन.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची वेळ आली तर आधी टायर आतून तपासा. सीलंटने बुजवलेल्या छिद्रांत काट्यांची टोकं तशीच रुतलेली असतात आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. बोट फिरवलं तर बोटालाच टोचतं. त्यापेक्षा शेजारच्या पऱ्हाटीला वेचणीनंतर राहिलेला कापूस घ्या, त्याचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवा. जिथे तंतू अडकले तिथे काटा. नखकटरने किंवा चिमट्याने ओढून काढा. शेतात कोणी असेल तर कापूस विचारून घ्या, बोंडभर कापसाला कोणी नाही म्हणत नाही.

आता व्हॉल्व्ह. महागड्या सायकलींना बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. त्यात हवा भरायला खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे नळी नसते. मोटारसायकलला असतो तो जाड, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्ह घ्या. पेट्रोल पंपावरही काम होतं. त्यात आणखी एक सोय आहे. श्रेडरसाठी पाडलेल्या ८.५ मिलिमीटरच्या छिद्रात साध्या सायकलची ट्यूबही बसते. प्रेस्टाचं छिद्र ६.५ मिलिमीटरचं, त्यात दुसरं काही जात नाही. प्रेस्टाच ठेवायचा असेल तर पितळी ॲडॉप्टर दोन घ्या, एक हरवतोच.

चाकाच्या मापाबद्दल इतकंच: २६ इंची ट्यूब छोट्या गावातही मिळण्याची शक्यता जास्त. साडेसत्तावीस इंची चाकात ती अडल्या वेळी ताणून चालते.

पाणी

चार-पाच लिटर पाणी नेता येईल एवढी जागा सायकलवर आधी ठरवा, बाकी पिशव्यांचा विचार मग. रोज एवढं भरायचं असं नाही, पण सोय हवी. पुढच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना बाटलीचे स्टँड लावायला छिद्रं नसतील तर ठिबक-मोटारपंपाच्या दुकानातून स्टीलच्या होज क्लिपा आणा. खाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा म्हणजे रंग खरवडत नाही आणि क्लिप सरकत नाही.

फिल्टर घ्यावा का, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पोकळ तंतूंचा छोटा फिल्टर जंतू अडवतो, नदी-नाल्याच्या पाण्याला तो उत्तम. पण पाण्यात विरघळलेले क्षार त्यातून सरळ पार होतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा हा भाग, तिथलं बोअरचं पाणी खारट. कितीही गाळा, खारटच राहणार. अकोल्याहून नरनाळा किल्ल्याकडे निघालात तर हा पट्टा आडवा येतो, तेव्हा पाणी शहरातूनच भरून निघा किंवा गावात नळाचं मागा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तो वर्षानुवर्षं पोटात गेल्यावर त्रास देतो, दोन दिवसांच्या प्रवाशाने त्याची धास्ती घेऊ नये. गावात शिरल्यावर “पाणी कुठं मिळेल?” असं विचारू नका. “प्यायचं पाणी कोणतं जी?” असं विचारा. वापरायचं आणि प्यायचं पाणी वेगळं असतं, बायामाणसं बरोबर हापशी दाखवतात.

ओआरएसची पाकिटं दिवसाला दोन धरा. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात घाला, जास्त घट्ट करू नका.

पिशव्या

फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी चांगल्यातली घ्या. जड सामान तिच्यात: पाने, ट्यूब, पॉवर बँक, खाणं. वजन मध्ये आणि खाली राहिलं की खडकाळ उतारावर सायकल हातात राहते. हँडलला हलकं अंथरूण, मागे कपडे. सीटखाली लटकणारी लांब पिशवी दिसायला छान, पण खड्ड्यांत ती म्हशीच्या शेपटीसारखी हलत राहते. कॅरियर आणि त्यावर घट्ट बांधलेली गोणी मला जास्त पटते. कॅरियरचे बोल्ट मात्र रोज सकाळी आवळायचे. बोल्टच्या आट्यांना नेलपॉलिशचा थेंब लावला तरी ते लवकर ढिले होत नाहीत.

फुफाटा हा पिशवीच्या चेनचा (झिपचा) वैरी. बारीक धूळ दातांत बसली की आठवड्यात पिशवीची चेन जाम होते. गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाच्या पिशव्या निवडा. चेन असेलच तर तिच्यावर मेणबत्ती घासा.

झोपायची सोय

मुक्काम बहुधा जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात किंवा कुणाच्या अंगणात. फरशीवर खुंट्या ठोकता येत नाहीत. मुरमाड जमिनीत बारीक खुंट्या वाकतात. म्हणून खुंट्यांशिवाय उभा राहणारा तंबू घ्या आणि त्याची आतली जाळी अखंड शिवलेली आहे ना ते बघा. दिवाळीनंतर पाऊस फारसा नसतो, तेव्हा बाजारात मिळणारी स्प्रिंगची घडीची मच्छरदाणीही चालते. तिची घडी मोठ्या ताटाएवढी होते, एवढीच अडचण.

जाळीवर कंजुषी करू नका, त्याला दोन कारणं आहेत. गडचिरोलीत मलेरिया आजही आहे. आणि मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं अनेकदा कळतही नाही. यजमानांनी खाट देऊ केली तर आढेवेढे न घेता घ्या. सर्पदंशाची शंका आली तर आवळपट्टी बांधत बसू नका, कापू नका. अवयव हलू न देता जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, १०८ वर फोन करा.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. त्यातला कम्फर्टचा बघा. तो आठ-दहा अंशांचा असेल आणि सोबत एक सोलापुरी चादर असेल तर बहुतेक रात्री निभतात.

स्टोव्ह नेऊ नका. चहा-पोहे सगळीकडे मिळतात, जंगलात आग पेटवायची नाही आणि फुटाणे-गूळ-शेंगदाण्यांना शिजवावं लागत नाही.

दुरुस्तीची थैली

पंक्चरवाल्याकडे मिळत नाही ते आधी भरा: तुमच्याच सायकलचा डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चेन तोडायचं यंत्र, गिअरची तार, तुमच्या चाकाच्या मापाचे चार स्पोक आणि ॲलन की. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो ऐनवेळी कुठेच मिळत नाही. मग पंप, ठिगळं, सोल्यूशन, टायर काढायचे पाने. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा वीतभर तुकडा. चाकाचा आऊट काढायला गावातला मिस्त्री तुमच्यापेक्षा तरबेज असतो, ते काम त्याच्यावर सोडा.

फोन, कागद, कपडे

मेळघाटात आणि भामरागडच्या बाजूला नेटवर्क येतं-जातं. नकाशा आधीच उतरवून ठेवा, मोठ्या गावांची नावं क्रमाने कागदावर लिहा. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही, सुट्या नोटा ठेवा. परदेशी व्हिडिओंत दिसणारं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र इथे आणू नका. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे जाणार असाल तर लष्करी ठिपक्यांचे कपडे आणि ड्रोन घरी ठेवा, तिथल्या पोलीस ठाण्यात आधी कळवा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. बाकी कपड्यांत लांब बाह्यांचा पातळ शर्ट आणि एक पांढरा दुपट्टा. डोकं, मान, नाक झाकायला आणि अंग पुसायला तो एकटा पुरतो.

निघण्याआधी

सगळं लादून घराजवळच एक रात्र काढून या. अकोलेकरांनी पातूरच्या घाटाकडे, अमरावतीकरांनी पोहऱ्याच्या रस्त्याने. रस्त्यात एकदा मुद्दाम चाक काढून ट्यूब बदला, तीही अंधारात, डोक्याला दिवा लावून. घरी आल्यावर गोणी अंगणात रिकामी करा. ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा आणि त्यातलं औषध, पंक्चरचं सामान, गरम कपडा एवढंच परत भरा. उरलेलं घरी राहू द्या.