चार हातांचा तोलार: आपल्या आर्मीसाठी परग्रही पंथाची गोष्ट कशी रचावी

वॉरहॅमर ४०,००० या खेळातल्या जीनस्टीलर कल्टची पहिली आर्मी रंगवून झाली तेव्हा मी तिच्यासाठी सात पानी इतिहास लिहिला होता. त्यात दहा हजार वर्षं होती, तीन ग्रहयुद्धं होती, एक शापित ताराही होता. पहिल्याच गेमला समोरच्या खेळाडूने एक मिनी, म्हणजे चिमुकला सैनिक, उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हा माणूस दिवसभर काय काम करतो?" मला काही सांगता येईना. सात पानांत त्या बिचाऱ्याच्या पोटापाण्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हापासून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी काम, मग गाऱ्हाणं, आणि देव सगळ्यात शेवटी.

हे जग ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर मिनिएचर मांडून खेळायचा युद्धखेळ गेम्स वर्कशॉपने १९८७ साली काढला. जीनस्टीलर म्हणजे त्यातले चार हातांचे, नखाळ परग्रही प्राणी. १९८९ च्या स्पेस हल्क या बोर्डगेमने त्यांना प्रसिद्धी दिली, आणि माणसांमध्ये वाढणारा त्यांचा गुप्त पंथ २०१६ पासून पुन्हा पूर्ण आर्मी म्हणून खेळता येऊ लागला. असा एखादा प्राणी कुठल्याशा जहाजातून लपून ग्रहावर उतरतो आणि माणसांना डसतो. डसलेल्यांच्या पोटी संकर जन्मतात. पहिल्या दोन पिढ्या उघडउघड राक्षसी दिसतात, तिसरी-चौथी माणसांत खपून जाते, आणि पाचवीत पुन्हा अस्सल जीनस्टीलर निपजतो. मूळ प्राणी हा पेट्रिआर्क, मॅगस हा पंथाचा धर्मगुरू आणि प्रायमस हा सेनापती. ताऱ्यांमधून आपले देव येतील म्हणून हे सगळे पिढ्यानपिढ्या वाट बघतात. येतात ते टिरॅनिड, म्हणजे परग्रही प्राण्यांची झुंड, आणि ते भक्तांसकट अख्खा ग्रह खाऊन टाकतात.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. तुमच्या गोष्टीचं इंजिन तेच आहे.

पायरी १: धंदा ठरवा

अधिकृत मिनी खाणकामगारांच्या आहेत. दगड फोडायचे ड्रिल, करवती, संरक्षक सूट, गोलायथ ट्रक. घोसार क्विंटस या खाणग्रहावरचा चार हातांच्या सम्राटाचा पंथ हा त्यांचा मूळ नमुना. म्हणूनच निम्म्या टेबलांवर खाणकामगारच दिसतात. त्यात वाईट काही नाही, पण तुमचा पंथ तुमचा वाटायला हवा असेल तर धंदा बदलून बघा.

मी तीन प्रश्न विचारतो. सगळीकडे ज्याला जाऊ देतात पण ज्याच्याकडे कुणी बघत नाही असा माणूस कोण? त्याच्या हातात कुठली किल्ली आहे? आणि संध्याकाळी त्याचं काय दुखतं? पाण्याच्या टाक्या धुणारे, बोगद्यातले दिवे बदलणारे, प्रेतं वाहणारे, पाळीची हजेरी घेणारे कारकून, यातला कुठलाही चालेल.

मी निवडले मापाडी. ग्रह शेतीचा. माणसांच्या साम्राज्याला द्यायचा कर धान्यात भरायचा, आणि अवकाशतळावरच्या तोलघरात मोजून झाल्याशिवाय एक पोतं जहाजात चढत नाही. सगळा ग्रह या माणसांच्या हाताखालून जातो, त्यांची नावं मात्र कुणाला माहीत नसतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खांदा आणि घसा. खांदा पोत्यांनी, घसा दिवसभर वजनं ओरडून.

पायरी २: गाऱ्हाणं एका वाक्यात बसवा

"साम्राज्य क्रूर आहे" हे गाऱ्हाणं नव्हे, ते हवामान झालं. या विश्वात साम्राज्य सगळीकडेच क्रूर असतं. गाऱ्हाणं असं हवं, की दमलेला माणूस ते एका दमात सांगेल आणि त्याच्या शेजारचा मान हलवेल.

माझ्या तोलघरातली वजनं कुणाच्या तरी आजोबांच्या काळात बदलली गेली. नवं साठ किलोचं वजन प्रत्यक्षात त्रेसष्ट किलो भरतं. शेतकरी प्रत्येक पोत्यामागे तीन किलो जास्त देतो आणि वरचं धान्य कुणाच्या कोठारात जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मापाड्याच्या हाताला हा फरक रोज कळतो, आणि "साठ!" असं मोठ्याने ओरडायचंही त्यालाच. खोटं दुसऱ्याचं, आवाज याचा.

हे सुचायला मला आठवडा लागला आणि बाकीचं सगळं त्यानंतर दोन संध्याकाळींत झालं. गाऱ्हाणं पटत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पंथात माणसं येतात ती यासाठीच. नाहीतर तुमचे सगळे भक्त संमोहित बाहुल्या होतात. डसल्यामुळे माणूस बदलतो हे खरं, पण डसल्या न गेलेल्यांनीही आसरा का दिला, जेवण का पोचवलं, दार का उघडलं, हे गाऱ्हाण्यातूनच कळतं.

पायरी ३: देव मूळ धर्मातूनच काढा

साम्राज्यात सम्राटाची पूजा सक्तीची असली तरी ग्रहागणिक तिचं रूप वेगळं असतं आणि ते बऱ्याच अंशी खपवून घेतलं जातं. पंथ याच फटीत वाढतो. म्हणून नवा देव आणू नका, जुन्यालाच थोडा वाकवा.

माझ्या तोलघराच्या दारावर सम्राटाचा पुतळा आहे, दोन्ही हातांत तराजू. पहिल्या मॅगसने फक्त एक प्रश्न विचारला: "दोन हात तराजू धरण्यात अडकलेत, मग द्यायचं कोणत्या हातांनी?" तिथून चार हातांचा तोलार जन्मला. दोन हातांनी मोजणारा, दोन हातांनी देणारा. दुपारी पुतळ्याची सावली पडते त्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने आणखी दोन हात काढतं. निरीक्षकाला ती पोरांची चेष्टा वाटते.

आता भविष्यवाणी. इथे माझा एक हट्ट आहे: तिचं प्रत्येक वाक्य दोनदा खरं ठरलं पाहिजे, एकदा भक्ताच्या अर्थाने आणि एकदा टिरॅनिडांच्या. माझी अशी आहे: "तोलार आकाशातून उतरेल. सगळं ओझं उचलेल. कुणाचंही माप चुकणार नाही आणि एक दाणाही मागे राहणार नाही." मापाडी हे ऐकून रडतात. टिरॅनिडांची झुंड ग्रहावरची सगळी जैविक सामग्री चाटूनपुसून नेते हे ज्या वाचकाला माहीत आहे, त्याच्या अंगावर काटा येतो. यात लबाडी कुठेच नाही. मॅगस खोटं बोलत नाही, त्याचा स्वतःचाही यावर पूर्ण विश्वास आहे. मुद्दाम फसवणारा, हात चोळत हसणारा धर्मगुरू लिहिलात की पंथ एकदम स्वस्त होतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. आपल्यात मिसळलेले, दूषित रक्ताचे, गुपचूप वाढणारे लोक ही कल्पना खऱ्या जगात खऱ्या समाजांविरुद्ध वापरली गेली आहे. त्यामुळे कुठल्याही जिवंत धर्माची चिन्हं, पेहराव किंवा कुठल्या जमातीची बोली उचलून पंथाला चिकटवू नका. धंद्यातून येणारी चिन्हं पुरेशी असतात आणि दिसतातही जास्त चांगली.

पायरी ४: वर्षांचा हिशोब

हे पटकन उरका. पिढीला वीस वर्षं धरली तर पहिल्या डंखापासून पाचव्या पिढीपर्यंत शंभर वर्षं होतात. मी तेवढीच ठेवली. पेट्रिआर्क परत आलेल्या जहाजातून, रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यांत लपून उतरला, शंभर वर्षांत तोलघर पंथाचं झालं, बस. खेळातल्या तारखा वापरायच्या असतील तर पद्धत सोपी आहे: ७४५.एम४१ म्हणजे एक्केचाळिसाव्या सहस्रकातलं ७४५ वं वर्ष, अर्थात ४०,७४५. त्या साली बेहेमॉथ या पहिल्या टिरॅनिड झुंडीशी साम्राज्याची गाठ पडली. तुमचा पंथ त्याआधी रुजलेला असला तरी बिघडत नाही, जीनस्टीलर झुंडीच्या खूप पुढे पोचलेले असतात.

पायरी ५: नाव, खूण, बोलणं

पंथाला तीन नावं द्या. सरकारी कागदावरचं, शत्रूच्या तोंडचं आणि आपापसातलं. माझ्याकडे कागदावर "तोलघर कामगार परस्पर साहाय्य मंडळ" आहे, पलटणवाले त्यांना "पोतेवाले" म्हणतात, आणि ते स्वतःला नुसतं "माप" म्हणतात. "तो मापात आहे" म्हणजे तो आपला आहे. रक्त, काळ, मृत्यू, सावली असे शब्द असलेली नावं मी आता सरसकट खोडतो. गुप्त संघटना स्वतःचं नाव रक्तपिपासू कशाला ठेवील?

खूण म्हणजे अंगठा. तराजूच्या पारड्यावर हळूच अंगठा दाबला की माप बदलतं, आणि ज्याला लिहिता येत नाही तो अंगठाच उठवतो. एका खुणेत लबाडी आणि अडाणीपणाचा शिक्का दोन्ही आले, आणि मापाड्यांनी दोन्ही अभिमानाने मिरवले. ओळख पटवायला एकजण विचारतो, "वजन भरलं का?" दुसरा म्हणतो, "अजून मूठभर कमी." हे दोन संवाद माझ्या सात पानी इतिहासापेक्षा जास्त वेळा वापरले गेलेत.

कोडेक्समधल्या, म्हणजे आर्मीच्या नियमपुस्तकातल्या, पात्रांनाही धंद्यात बसवा. क्लॅमाव्हस हा पंथाचा भोंगा घेऊन फिरणारा प्रचारक, माझ्याकडे तो तोलघराचा जुना पुकाऱ्या आहे, ज्याने एके दिवशी भर तोलघरात "त्रेसष्ट!" असं खरं वजन ओरडलं. केलरमॉर्फ हा तीन पिस्तुलांचा लोकनायक. त्याची पोवाड्यात शोभेल अशी एकच करामत लिहा, चरित्र नको. उरलेल्यांना नाव आणि एक सवय पुरते.

पायरी ६: मिनीवर दिसलं पाहिजे

जे मिनीवर दिसत नाही ते टेबलावर नसतं. मी ड्रिल काढून बऱ्याच अकोलाइटांच्या, म्हणजे पंथाच्या संकर सैनिकांच्या, हातात पोती उचलायचे लोखंडी हुक दिले. पेपरक्लिप वाकवून, टोक कानशीने घासून तयार होतात. कपडे धुळकट पिवळे, कातडी फिकट जांभळट, आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर गडद लाल अंगठ्याचा ठसा: अंडाकृती ठिपका, त्यात दोन बारीक वळणरेषा. तिसरी रेषा काढायला जाऊ नका, त्या आकारात ती गिचमिड होते. प्रत्येक पिढीला उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली दाखवायचा प्रयत्न केला, तो फक्त तीन मिनींवर जमला.

बेसवर, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीवर, सांडलेलं धान्य हवं म्हणून मी खरी मोहरी चिकटवली आणि फसलो. २८ मिलिमीटर उंचीच्या माणसाशेजारी दोन मिलिमीटरचा दाणा नारळाएवढा दिसतो. तोफगोळ्यांच्या ढिगात उभी असल्यासारखी दिसायला लागली सगळी पलटण. शेवटी बारीक चाळलेली वाळू, वर फिकट पिवळा रंग आणि कडांना कोरडा ब्रश, एवढ्याने काम झालं. पोती मात्र मिलिप्युट या मॉडेलिंगच्या पुट्टीची, ओली असतानाच जाळीच्या कापडावर दाबलेली. तागाचा पोत हुबेहूब उठतो.

पायरी ७: एका पानावर आणा, बाकी सोडून द्या

आता सगळं एका पानात लिहा: धंदा, गाऱ्हाणं, देव, खूण, सध्याची परिस्थिती. सध्याची परिस्थिती म्हणजे या आठवड्यात काय घडायच्या बेतात आहे. माझ्या पानावर शेवटची ओळ आहे, "नवा निरीक्षक स्वतःची वजनं घेऊन येतोय." कुठल्याही गेमला कारण द्यायला एवढं पुरतं.

दोन-तीन गोष्टी मुद्दाम अर्धवट ठेवा. जुनी वजनं कुठे गेली हे मी ठरवलेलं नाही. तोलघराच्या तळघरात सातव्या खोलीत काय आहे तेही नाही. अशा रिकाम्या जागा खेळातून भरल्या जातात, विशेषतः क्रुसेड पद्धतीने खेळत असाल तर. २०२० साली नवव्या आवृत्तीबरोबर आलेल्या या प्रकारात प्रत्येक युनिटचं कार्ड असतं आणि गेमागणिक त्यावर अनुभव, मान आणि जखमा जमा होतात. त्या कार्डावर नियमांपुरतं न लिहिता एखादी ओळ पंथाच्या भाषेतही लिहीत जा.

माझ्या एका निओफाइटचं नाव असंच पडलं. साधा बंदूकवाला, चार गेम सगळी तुकडी मेली तरी तो उरला. पाचव्या गेममध्ये समोरच्याने त्याच्यावर सहा फासे टाकले, एकही लागला नाही. तो फासे गोळा करता करता स्वतःशीच पुटपुटला, "अजून मूठभर कमी." आता कार्डावर त्या निओफाइटचं नाव मूठभर असंच आहे, आणि सातव्या खोलीची किल्ली मी त्याच्या कमरेला रंगवली आहे.